आझाद व्हिसा आणि फ्रीलान्स व्हिसा एकच नाही. आखातात स्वतःच्या जिवावर काम करायला निघण्याआधी हे वाचा

रत्नागिरी : खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड, संगमेश्वर, राजापूर, कुठल्याही तालुक्यात जा, आखातातल्या पैशावर उभी राहिलेली घरं दिसतातच. कुवेत, सौदी, दुबई, कतार, मस्कत ही नावं आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनाही मुंबईइतकीच पाठ आहेत. कफील, इकामा, बताका हे शब्द तर गावच्या बोलीत मिसळून गेले आहेत. त्यामुळे घरातला मुलगा बारावी किंवा आयटीआय करून मोकळा झाला की पहिला विचार येतो तो बाहेर जायचा. आणि तेवढ्यात कुणीतरी भेटतो, सांगतो, "आझाद व्हिसा आहे. कफीलची कटकट नाय. तिथे उतरायचं, पायजे तिथे काम धरायचं, पायजे तेव्हा सोडायचं."

आता याच मालाला नवीन नाव मिळालं आहे, 'फ्रीलान्स व्हिसा'. इंग्रजी नाव ऐकलं की माणसाला वाटतं काहीतरी सरकारी असणार. अडचण अशी की फ्रीलान्स परवाना ही खरोखरची गोष्ट आहे. काही देशांत तो सरकार देतं. पण आझाद व्हिसा म्हणून जे विकलं जातं ते तो नव्हे. या दोन गोष्टींतला फरक न कळल्यामुळे कलमांची बाग गहाण पडते, आईचे दागिने पतपेढीत जातात. म्हणून हा फरक नीट समजून घेणं गरजेचं आहे.

आझाद व्हिसा म्हणजे काय?

आखातातल्या कुठल्याच देशाच्या कायद्यात आझाद व्हिसा नावाचा व्हिसा नाही. तिथे बाहेरच्या कामगाराला राहायची परवानगी मिळते ती सहसा एका मालकाच्या नावावर. त्यालाच कफील म्हणतात. मालक सरकारकडे सांगतो की मला इतके कामगार पाहिजेत, आणि तेवढे व्हिसे त्याला मिळतात.

काही जण कागदावर कंपनी दाखवून जादा व्हिसे काढतात आणि ते विकतात. तो व्हिसा दलालाकडून दलालाकडे फिरत आपल्या तालुक्यापर्यंत येतो, आणि प्रत्येक हाताला त्याची किंमत वाढते. विकत घेणारा माणूस तिथे पोचतो तेव्हा कफीलकडे काम नसतं. कफील म्हणतो, बाहेर जा, काम शोध, मला ठरलेले पैसे दे. म्हणजे माणूस एकाच्या नावावर राहतो आणि काम करतो दुसऱ्याकडे. यालाच आझाद म्हणतात. प्रत्यक्षात तो माणूस नोकरदारापेक्षा जास्त बांधलेला असतो, कारण त्याचा इकामा चालू ठेवायचा की नाही हे कफीलच्या हातात असतं.

हिशेब करून बघा. समजा एकाने आझाद व्हिसाला दोन लाख रुपये दिले. पन्नास हजार घरचे, दीड लाख शेकडा तीन रुपये महिना व्याजाने काढलेले. म्हणजे महिन्याला साडेचार हजार, वर्षाला चोपन्न हजार नुसतं व्याज. मुद्दल तसंच. त्यावर कफीलचा हप्ता, खोलीचं भाडं, खाणं. सौदीत परदेशी कामगारामागे सरकारला महिन्याला ८०० रियालपर्यंत फी भरावी लागते. सौदी कामगार कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे कामगार आणण्याचा खर्च, इकाम्याची आणि वर्क परमिटची फी, काम संपल्यावर परत जायचं तिकीट हे सगळं मालकाने द्यायचं असतं. आझाद व्हिसावर मात्र हे सगळं कामगाराच्याच खिशातून जातं. वर्षभर फी थकली तर ९,६०० रियाल होतात. रियाल तेवीस रुपये धरला तरी सव्वादोन लाखांच्या आसपास.

पकडलं गेलं तर काय?

सौदी कामगार कायद्याच्या ३९ व्या कलमात सरळ लिहिलं आहे की कामगाराने दुसऱ्या मालकाकडे किंवा स्वतःच्या नावावर काम करायचं नाही. स्वतःचा धंदा करताना सापडलेल्या परदेशी माणसाला ५० हजार रियालपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास आणि नंतर हद्दपारी होऊ शकते.

याहून सोपा मार लागतो तो हुरूबचा. कफीलशी पैशावरून बिनसलं की तो सरकारी यंत्रणेत नोंद करतो, हा कामगार पळून गेला. अशा नोंदीने इकामा बाद होऊ शकतो. मग बँक नाही, सुट्टीवर घरी यायचं नाही, आजारी पडला तर दवाखान्याचीही पंचाईत. घरी बाप वारला तरी येता येत नाही, ही गोष्ट आपल्या गावांना नवी नाही.

कुवेतमध्ये १८ नंबरचा व्हिसा खासगी कंपनीच्या कामाचा आणि २० नंबरचा घरकामाचा. २० नंबरवर जाऊन हॉटेलात किंवा गॅरेजमध्ये काम करणं बेकायदा आहे. जाणाऱ्याला एजंट 'ड्रायव्हरचं काम' एवढंच सांगतो. नंबर कुठला ते विचारायचं आपणच.

संयुक्त अरब अमिराती, म्हणजे दुबई-अबुधाबीकडे, २०२४ मध्ये कायदा आणखी कडक झाला. परवाना नसताना कुणाला कामाला ठेवलं, किंवा कामगार आणून त्याला काम न देता वाऱ्यावर सोडलं, तर मालकाला एक लाख ते दहा लाख दिरहम दंड. त्यामुळे चोरून काम देणारे मालकही आता मागेपुढे बघतात. व्हिसाची मुदत संपून राहिलं तर रोज ५० दिरहम दंड चढतो. महिन्याचे १,५०० दिरहम. त्याच वर्षी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळात तिथल्या सरकारने मुदत संपलेल्यांना दंड माफ करून कागद सरळ करायची किंवा घरी जायची संधी दिली होती. अशी माफी दरवर्षी येत नाही. तिच्या भरवशावर राहू नये.

मग खरा फ्रीलान्स परवाना कुठला?

फ्रीलान्स म्हणजे कुणाची नोकरी न धरता, वेगवेगळ्या गिऱ्हाइकांची कामं स्वतःच्या नावावर घेणं. आपल्याकडे वायरमन किंवा गवंडी करतो तसंच. फरक एवढाच की तिथे त्यासाठी सरकारचा परवाना लागतो.

दुबईत 'गोफ्रीलान्स' नावाची योजना आहे. दुबई मीडिया सिटी, दुबई इंटरनेट सिटी अशा खास क्षेत्रांमार्फत हा परवाना मिळतो. त्यात कामं चार प्रकारची : प्रसारमाध्यमं, संगणक-तंत्रज्ञान, शिक्षण आणि डिझाईन. म्हणजे व्हिडिओ एडिटर, कॅमेरामन, सॉफ्टवेअर करणारा, भाषांतरकार, शिकवणारा, ग्राफिक डिझायनर असे लोक. गवंडी, प्लंबर, ड्रायव्हर, स्वयंपाकी या योजनेच्या यादीत नाहीत.

परवान्याची फी वर्षाला ७,५०० दिरहम. दिरहम तेवीस रुपये धरला तर एक लाख बहात्तर हजारांच्या पुढे. आणि हा फक्त काम करायचा परवाना झाला. राहायचा व्हिसा वेगळा. त्यासाठी एस्टॅब्लिशमेंट कार्ड, मेडिकल, एमिरेट्स आयडी आणि आरोग्य विमा यांचे पैसे वेगळे. दरवर्षी परवाना नवा करायचा खर्च आहेच. शिवाय परवाना मिळाला म्हणजे काम मिळालं असं नाही. गिऱ्हाईक आपलं आपणच शोधायचं. महिनाभर काम आलं नाही तरी भाडं चुकत नाही.

दुसरा आहे ग्रीन व्हिसा. ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू झाला. पाच वर्षांचा असतो आणि कफील लागत नाही. ऐकायला फार छान. पण अटी बघा. तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाचा फ्रीलान्स परवाना पाहिजे, पदवी किंवा त्या कामातला विशेष डिप्लोमा पाहिजे, आणि मागच्या दोन वर्षांत स्वतंत्र कामातून वर्षाला किमान ३ लाख ६० हजार दिरहम कमाई किंवा तितकी ऐपत दाखवता आली पाहिजे. तेवीसच्या भावाने ते ८२ लाख ८० हजार रुपये होतात. वर्षाला. आता कुणी बारावी पास पोराला दीड लाखात ग्रीन व्हिसा देतो म्हणाला, तर तो काय विकतो आहे ते ओळखा.

तिसरा प्रकार लोकांना माहीत नसतो. अमिरातीत एका मालकाकडे नोकरी करत असताना दुसरीकडे थोडा वेळ काम करायचं असेल तर मनुष्यबळ मंत्रालयाचा पार्टटाइम परवाना मिळू शकतो. ज्याचा हातखंडा आहे पण पदवी नाही, अशा माणसाला कायद्याने दोन पैसे जास्त मिळवायचा हा बरा रस्ता आहे. आधी चांगली नोकरी, मग परवाना काढून जोडकाम.

आणि व्हिजिट व्हिसा. अमिरातीत नोकरी शोधायला म्हणून ६०, ९० किंवा १२० दिवसांचा व्हिसा आहे, पण तो पदवीधरांसाठी, त्यातही वरच्या दर्जाच्या कामांसाठी. तो असो की साधा टुरिस्ट व्हिसा असो, त्यावर काम करता येत नाही. "आधी व्हिजिटवर जा, तिथे बदलून देतो" हे वाक्य ऐकलं की पैसे खिशातच ठेवावेत.

जर्मनीचं काय?

अलीकडे जर्मनीच्या फ्रीलान्स व्हिसाचे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात. जर्मनीच्या निवास कायद्यात कलम २१ खाली स्वतंत्र व्यावसायिकांना परवाना मिळतो हे खरं आहे. पण तिथे मोकळा व्यवसाय वेगळा आणि धंदा वेगळा. डॉक्टर, इंजिनिअर, भाषांतरकार, पत्रकार, कलावंत, शिक्षक हे पहिल्या गटात येतात. इलेक्ट्रिशियन किंवा सुतार आपल्या हिशेबाने स्वतंत्रच काम करतो, पण जर्मनीत ते कारागिरीच्या धंद्यात मोडतं आणि त्याचे नियम निराळे. पहिल्या गटातल्या माणसालाही तिथे गिऱ्हाईक मिळणार याचे कागद, सुरुवातीला राहायला पुरेल एवढा पैसा आणि आरोग्य विमा दाखवावा लागतो. वय ४५ च्या वर असेल तर म्हातारपणाची सोय काय तेही दाखवावं लागतं.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा. तो नोकरीसाठी आहे, फ्रीलान्ससाठी नाही. त्यात जर्मन भाषा शिकणं हाच मुख्य भाग आहे. या कराराचं नाव सांगून कुणी पैसे मागत असेल तर जिल्ह्याच्या शिक्षण विभागात जाऊन खात्री करावी.

पासपोर्टवर ईसीआर आहे का बघा

परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर छापलेलं असतं. अशा माणसाला ठरावीक १८ देशांत कामाला जायचं तर सरकारची मंजुरी लागते. सौदी, कुवेत, अमिराती, कतार, ओमान, बहारीन हे सहाही त्यात आहेत. मलेशिया आणि थायलंडही आहेत. ही मंजुरी देणारं कार्यालय म्हणजे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स. मुंबईत ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. अर्ज ईमायग्रेट या सरकारी पोर्टलवरून होतो.

दहावी पास असेल, किंवा दोन वर्षांचा मान्यताप्राप्त आयटीआय कोर्स केला असेल, तर ईसीआर काढून घेता येतं. अनेकांनी पासपोर्ट काढताना दहावीचं प्रमाणपत्र जोडलेलं नसतं म्हणून तो शिक्का राहतो.

पण शिक्का असेल तर त्याला कटकट समजू नका. मंजुरी घेताना मालकाचा करार, पगार, कामाचं ठिकाण तपासलं जातं. सोबत प्रवासी भारतीय बीमा योजना काढावी लागते. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. आझाद व्हिसावाला एजंट माणसाला टुरिस्ट म्हणून पाठवतो तेव्हा ही सगळी तपासणी चुकवतो. मग वर कुणी विचारणारा राहत नाही.

एजंट खरा की खोटा, कसं ओळखायचं?

१. परदेशी नोकरीला माणसं पाठवायला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. परवाना नंबर जाहिरातीत, पाटीवर असायला हवा. ईमायग्रेटच्या संकेतस्थळावर परवानाधारकांची यादी आहे. नाव आणि नंबर दोन्ही जुळतात का बघा. परवाना चालू आहे की निलंबित, तेही तिथे दिसतं.

२. "मी मुंबईच्या ऑफिसचा माणूस" म्हणणारा गावातला उपएजंट कायद्यात बसत नाही. तो ओळखीचा असला, पाहुण्यातला असला तरी पैसे त्याच्या हातात देऊ नका. अशा विनापरवाना कामाला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

३. परवानाधारक एजंटला सेवा शुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. १८ टक्क्यांनी ते ३५,४०० होतात. पैसे बँकेतून द्या, पावती घ्या. पावती न देणाऱ्याला रुपयाही देऊ नका.

४. अमिरातीचं काम असेल तर तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाचं ऑफर लेटर मागा. ते अरबी-इंग्रजीबरोबर हिंदी किंवा उर्दूतही मिळतं. सही करण्याआधी पगार, काम, सुट्टी वाचा. तिथल्या कायद्यानुसार भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायचा नाही.

५. पदवीच्या जोरावर जायचं असेल तर प्रमाणपत्रावर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशाचा दूतावास यांचे शिक्के लागू शकतात. हे काम आधी करून ठेवा.

६. सौदीला प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी मेकॅनिक अशा कामांसाठी जायचं तर आता भारतातच कौशल्य चाचणी द्यावी लागते. चाचणीशिवाय व्हिसा करून देतो म्हणणारा खोटं बोलतो आहे किंवा दुसऱ्याच कामाचा व्हिसा देतो आहे.

७. थायलंडमध्ये 'डेटा एंट्री' किंवा 'डिजिटल मार्केटिंग'चं भरपूर पगाराचं काम, तेही टुरिस्ट व्हिसावर, असा निरोप आला तर सावध व्हा. अशा आमिषाने नेलेल्या भारतीय मुलांना म्यानमार, कंबोडिया, लाओसमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून ठेवल्याची प्रकरणं उघड झाली आहेत. भारत सरकारने याबद्दल वारंवार सूचना काढल्या आहेत.

घरी बसून परदेशाचं काम

एक गोष्ट राहून जाते. ज्याचं काम संगणकावरचं आहे, त्याला परदेशातल्या गिऱ्हाइकाचं काम करायला त्या देशात जावंच लागतं असं नाही. दापोलीत किंवा लांज्यात बसून दुबईच्या दुकानाची जाहिरात बनवली तर व्हिसा लागत नाही. पैसे बँकेत रीतसर आणायचे, आयकर विवरण भरायचं. दोन-तीन वर्षं असं काम केलं की हाताशी गिऱ्हाइकं, बँकेचे कागद आणि कामाचा पुरावा तयार होतो. पुढे फ्रीलान्स व्हिसा काढायचाच झाला तर हेच कागद उपयोगी पडतात. रेंजची आणि पावसाळ्यात विजेची अडचण आहे, ती कुणी नाकारत नाही. पण त्यासाठी बाग गहाण टाकावी लागत नाही.

अडकलात तर

आझाद व्हिसावर गेलेला माणूस आपण चुकलो म्हणून गप्प बसतो. घरीही सांगत नाही. तसं करू नये. व्हिसा कुठलाही असो, भारतीय दूतावास मदत नाकारत नाही. परदेशातल्या कामगारांसाठी भारत सरकारची मोफत हेल्पलाइन १८०० ११ ३०९० आहे. इथे राहून घरचेही त्यावर फोन करू शकतात. दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, अमिरातीतून ८०० ४६३४२ या नंबरवर फोन करायचा. तिथे नोकरीची ऑफर खरी की खोटी हेही विचारता येतं, म्हणजे जायच्या आधीसुद्धा उपयोग आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवता येते. परत यायला पैसेच नसतील तर दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, त्यातून गरजू माणसाच्या तिकिटाची सोय होऊ शकते.

एजंटने फसवलं असेल तर पैसे दिल्याचा पुरावा, व्हॉट्सॲपचे निरोप, पासपोर्ट-व्हिसाची प्रत घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्या आणि ईमायग्रेटवरही नोंदवा. एजंट गावातला आहे, भावकीतला आहे म्हणून तक्रार थांबते, आणि तोच माणूस पुढच्या वाडीत दुसऱ्याचे पैसे घेतो.

पैसे देण्याआधी एजंटला तीनच प्रश्न विचारा : व्हिसा कुणाच्या नावावर आहे? त्यावर कुठलं काम लिहिलं आहे? आणि इकाम्याची फी कोण भरणार? तिन्ही उत्तरं कागदावर मागा. तोंडी सांगतो आणि लिहून देत नाही, अशा माणसाला चहा पाजा आणि वाटेला लावा.